यंत्राला छत्री, माणसाला ऊन

वडील मोजणी खात्यात साखळी धरायचे. 33 फुटांची साखळी, तिचे 16 भाग, म्हणजे 16 आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, असे 40 झाले की एकर. शाळेत पाढे नीट यायच्या आधी मला हा हिशेब यायचा. 2009 साली जळगावात एक जुनं टोटल स्टेशन, म्हणजे तिपाईवर ठेवून अंतर आणि कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, अडीच लाखांना घेतलं, त्यातले दोन लाख उसने, आणि आमची फर्म सुरू झाली. हद्द कायम करायची मोजणी तेव्हा सरकारीच असायची. आमच्याकडे येतात ती कामं ठिबकसाठी कंटूर (जमिनीच्या चढ-उताराचा नकाशा), प्लॉटचे ले-आउट, शेततळ्याच्या लेव्हली (जमिनीच्या उंचीची मापं) अशी.

या धंद्याचा हंगाम कपाशी उपटली की सुरू होतो आणि पेरणीला संपतो. रान मोकळं असतं तेव्हाच यंत्रातून समोरचा प्रिझम, म्हणजे काठीवर लावलेली किरण परत पाठवणारी काच, दिसतो. (केळीच्या बागेत तो बारा महिने दिसत नाही, ते दुखणं वेगळं.) म्हणजे खरी कमाई मार्च ते मेमध्ये, आणि खान्देशातला मे काय असतो ते सांगायला नको. पारा 45 च्या पुढे गेला तरी आम्ही सकाळी आठला रानात, संध्याकाळी सहाला बाहेर. रविवार नाही, सण नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावोगाव झोके बांधलेले, माहेरवाशिणी गाणी म्हणतायत, आणि आम्ही बांधावर स्टाफ, म्हणजे आकडे असलेली मोजायची उंच पट्टी, धरून उभे. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

2016 च्या एप्रिलमध्ये यावलकडच्या एका रानात आमचा स्टाफ धरणारा पोरगा उभ्याचा खाली बसला. दुपारचा एक वाजला होता. घाम यायचा थांबला होता, बोलणं असंबद्ध. अंगावर कॅनमधलं पाणी ओतत त्याला गाडीत घातला आणि दवाखाना गाठला. दोन दिवस सलाईन, मग बरा झाला. पण त्याला उचलताना मागे वळून पाहिलं तेव्हा तिपाईवरच्या यंत्रावर आमची मोठी छत्री उघडी होती. यंत्र तापू नये म्हणून रोज लावायचो. पोराच्या डोक्याला रुमाल.

मग कामाची वेळ बदलली. साडेपाचला रानात, अकराला यंत्र पेटीत, पुन्हा चार ते सात. धंद्याचं नुकसान होईल म्हणून आठ दिवस झोप नव्हती. झालं उलटंच. भर दुपारी जमिनीलगत हवा इतकी हलते की दुर्बिणीत स्टाफवरचे आकडे नाचतात; त्या वेळच्या लेव्हली आम्ही बऱ्याचदा संध्याकाळी पुन्हा घ्यायचो. तेच दुहेरी काम वाचलं.

अडचण निराळीच निघाली. लिंबाखाली पाच तास बसायचं कसं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पोरं दर दहा मिनिटांनी विचारायची, "भाऊ, लावू का मशीन?" एकाने तर बसल्या बसल्या सगळ्या खुंट्यांना रंग दिला. मी लॅपटॉप उघडायचो. मालकच काम करतोय म्हटल्यावर कोण आडवं होणार? ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला दुसरा उन्हाळा उजाडला.

मग रविवार बंद केला. जुलै-ऑगस्टला अर्धा पगार घरी बसून. पोरं आपापल्या शेतात रमली. माझ्याकडे शेत नाही. पहिल्या रविवारी पहाटे चारला उठून ओट्यावर बसलो. दुपारपर्यंत हॉलच्या फरशीला उतार कुठे नाही ते शोधून काढलं. सौ. म्हणाली, "अहो, घर नका मोजू, बाहेर जा." मेहरूण तलावावर फिरायला गेलो तर तिथेही पावलं मोजत चाललो. ती सवय अजून आहे.

पोरं मात्र शिकली. त्या दिवशी खाली बसलेला पोरगा आता आमचा मुख्य ऑपरेटर आहे. अकराला छत्री यंत्रावरून काढतो, स्वतःवर लावतो आणि पाच मिनिटांत घोरतो.

गेल्या आखाजीला तीन दिवस फर्म बंद ठेवली. दोन कामं दुसरीकडे गेली. गावी गेलो, आमरस-पुरणपोळी खाल्ली आणि पारावर पत्त्यांत 140 रुपये हरलो.