पस्तिसावा दिवस

१ जानेवारीच्या स्थितीची तात्पुरती ज्येष्ठता यादी यंदा आमच्याकडे मार्चमध्ये पोचली. सोबत नेहमीसारखा एक कागद, त्यावर सगळ्यांची नावं आणि नावापुढे सहीची रिकामी जागा. यादी पाहायची, सही ठोकायची, खाली 'पाहिले' लिहायचं. आक्षेप असेल तर १५ दिवसांत लेखी द्यायचा. मी आजवर प्रत्येक यादीवर 'पाहिले' लिहीत आलो.

मी तालुक्याच्या एका कोर्टात वरिष्ठ लिपिक आहे. कोणत्या, ते सांगत नाही. धानपट्ट्यातलं आहे एवढं पुरे. कोर्ट म्हटलं की लोकांना न्यायाधीश आणि वकील दिसतात. रोजनामा लिहिणारा, बोर्ड लावणारा, नक्कल देणारा, मुद्देमालाच्या खोलीत कुऱ्हाडी मोजणारा माणूस कुणाला दिसत नाही. आमचीही एक शिडी असते. कनिष्ठ लिपिक, वरिष्ठ लिपिक, सहायक अधीक्षक, अधीक्षक, आणि अगदी टोकाला जिल्ह्याचा प्रबंधक. खालच्या पायरीवर गर्दी आणि वर जाल तसतशा जागा कमी. ज्येष्ठता यादी जिल्ह्याची एक असते. त्यामुळे तुमच्या वर कोण आहे, त्याची जन्मतारीख काय, तो कधी निवृत्त होतो, हे प्रत्येकाला तोंडपाठ. दुसऱ्याच्या निवृत्तीची तारीख स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की लक्षात असलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातलाच एक मी.

माझं प्रकरण पाच दिवसांचं आहे.

१९९९ मध्ये कनिष्ठ लिपिकांची निवड यादी लागली. त्यात माझा नंबर नववा. नेमणुकीचा आदेश निघाला १२ जुलैला. आमच्या गावात तेव्हा पोस्ट नव्हतं. पोस्टमन शेजारच्या गावावरून सायकलनं यायचा, आणि नाल्याला पाणी असलं की अलीकडच्या किराणा दुकानात टपाल ठेवून परत जायचा. त्या साली रोवणीच्या दिवसांत पाऊस थांबतच नव्हता. आम्ही सगळे बांधीत, चिखलात पोटऱ्यांपर्यंत. ६ ऑगस्टला, शुक्रवारी, मी मीठ आणायला दुकानात गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "तुह्या नावाचं सरकारी पाकीट आहे बे, किती दिवसाचं पडलं हाये." तेलाच्या डब्यामागून त्यानं ते काढलं. कोपऱ्यावर हळदीचा डाग होता. तो डाग अजून आहे. मूळ आदेश मी जपून ठेवला आहे.

बाबांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "आता रोवणी कोन करन?"

रुजू व्हायला वैद्यकीय प्रमाणपत्र लागत होतं. सोमवारी सरकारी दवाखान्यात गेलो तर सही करणारे डॉक्टर शिबिराला. मंगळवारीही तेच. बुधवारी ११ तारखेला सरळ जिल्ह्याच्या कोर्टात गेलो. एक अर्ज लिहून नेला होता: प्रमाणपत्र मिळालं नाही, रुजू होण्यास मुदत मिळावी. टेबलावरच्या बाबूंनी अर्ज वाचला, मान हलवली, आणि "ठेवून जा" म्हणून पेपरवेटखाली सारला. पेपरवेट काचेचा होता, आत निळी फुलं. मी "हो जी" म्हणालो आणि एसटी पकडायला धावलो. प्रमाणपत्र शुक्रवारी संध्याकाळी हातात पडलं. शनिवार-रविवार गेला, रविवारी १५ ऑगस्ट. सोमवारी १६ तारखेला मी रुजू झालो.

१२ जुलैपासून मोजा. ११ ऑगस्ट हा तिसावा दिवस. १६ ऑगस्ट पस्तिसावा.

महाराष्ट्र नागरी सेवेचे ज्येष्ठतेचे नियम १९८२ चे. (आता २०२१ चे नवे आहेत, पण माझं घोडं जुन्यातच अडलं.) त्यातला नियम ४ सांगतो की एकाच निवडीतल्या सरळसेवेच्या, म्हणजे थेट भरतीच्या, उमेदवारांची आपसातली ज्येष्ठता निवडीच्या क्रमानं लागते, मात्र माणूस आदेश निघाल्यापासून ३० दिवसांत रुजू झाला पाहिजे, किंवा सक्षम अधिकाऱ्यानं वाढवून दिलेल्या मुदतीत. आदेश निघाल्यापासून. पत्र हातात पडल्यापासून नाही. मुदत वाढवून मागायला मी तिसाव्या दिवशी स्वतः त्या इमारतीत उभा होतो, पण तो अर्ज बारनिशीत, म्हणजे आवक टपालाच्या रजिस्टरात, चढलाच नाही. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची असते, हे मला सत्ताविसाव्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं. धान लावायला पोच लागत नाही.

माझ्या मित्राचा निवडीचा नंबर चौदावा. तो २६ जुलैला रुजू झाला, कारण तो शहरात राहायचा आणि त्याचं पत्र चौथ्या दिवशी आलं. पहिली यादी निघाली तेव्हा तो माझ्या वर. मला कळत होतं की काहीतरी चुकतंय. पण त्याच्याच खोलीवर मी भाड्यानं राहत होतो, त्याच्याच स्टोव्हवर आम्ही दोघं खिचडी शिजवायचो, आणि चार-पाच नंबरांनी असा कोणता डोंगर कोसळणार होता! सही केली. पाहिले.

डोंगर हळूहळू कोसळतो, हे नंतर कळलं. वरिष्ठ लिपिकाची एकच जागा खुली झाली तेव्हा ती त्याला मिळाली. मला दोन वर्षांनी. सहायक अधीक्षकाची निघाली, तीही त्याला. त्या दिवशी तो पेढे घेऊन आधी माझ्या टेबलाशी आला. पेढा खाल्ला. घरी गेल्यावर बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "पगार तर तेवढाच भेटते ना?" तिचं जवळजवळ खरं आहे. आश्वासित प्रगती योजनेत १०, २० आणि ३० वर्षांनी वरच्या पदाचं वेतन मिळतं, पद मिळो न मिळो. पैशाचा फरक आहे, पण उपाशी राहायचा नाही. फरक आहे तो दुसराच. ज्याच्यासोबत खिचडी खाल्ली त्याच्याकडे आता मी किरकोळ रजेचा अर्ज देतो. तो न वाचता सही करतो. वाचला असता तर बरं वाटलं असतं, असं कधी कधी वाटतं.

मधली काही वर्षं मी नक्कल विभागात काढली. माझ्या दुखण्यावर रोज मीठ चोळायचं काम म्हणजे तेच. आमच्या दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात. माझेही ३०, पक्षकाराचेही ३०. पण मुदतीच्या कायद्यात त्याच्यासाठी काय काय आहे बघा. नक्कल तयार व्हायला जितके दिवस लागले तितके कलम १२ नं वजा. म्हणून तर आम्ही नकलेच्या मागे अर्जाची तारीख, तयार झाल्याची तारीख, दिल्याची तारीख असे शिक्के मारतो. शेवटचा दिवस सुटीचा आला तर कलम ४ आहे, कोर्ट उघडेल त्या दिवशी आणा. एवढं करून उशीर झालाच तर कलम ५ चा विलंब माफीचा अर्ज. म्हातारीला ताप होता, बैल मेला, वकिलानं सांगितलंच नाही. कधी खर्च भरून, कधी तसाच, पण पाच दिवसांचा विलंब सहसा माफ होतो. मी स्वतः कितीतरी रोजनाम्यांत लिहिलं आहे, 'विलंब माफ'. माझे तेलाच्या डब्यामागचे दिवस कोणत्या कलमानं वजा करायचे?

आणि मी काही एकटा नाही. आमच्याकडे एक मुलगी लग्न झाल्यावर दुसऱ्या जिल्ह्यातून विनंती बदलीनं आली. आठ वर्षांची नोकरी, पण या जिल्ह्याच्या यादीत ती तळाला, काल लागलेल्या पोरांच्या खाली. तिनं ते लिहून देऊनच बदली घेतली होती, त्यामुळे बोलायची सोय नाही. तात्पुरत्या पदोन्नतीवर पाच-सहा वर्षं बसलेले लोक ती वर्षं मोजा म्हणून भांडतात. त्यांना १९९० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवला जातो. तो निकालही आपल्याच महाराष्ट्रातल्या इंजिनिअरांचा. नियमाप्रमाणे झालेल्या नेमणुकीपासून ज्येष्ठता मोजायची, निव्वळ काम चालवायला दिलेली खुर्ची धरायची नाही. शिवाय मानीव दिनांक नावाचा एक शब्द आहे. ज्या तारखेला पदोन्नती मिळायला हवी होती ती तारीख कागदावर मिळणं. आमच्या कँटीनमध्ये हा शब्द इतक्यांदा उच्चारला जातो की चहावाल्या पोरालाही त्याचा अर्थ माहीत आहे.

२०१९ मध्ये, मित्र सहायक अधीक्षक झाल्यावर, मी शेवटी अभिवेदन दिलं. योग्य मार्गानं, तीन प्रतींत, पोच घेऊन. उत्तर चार ओळींचं आलं: यादी पूर्वीच अंतिम झालेली आहे, विहित मुदतीत आक्षेप नोंदवलेला नाही, सबब विनंती मान्य करता येत नाही. त्यात चुकीचं काही नव्हतं. मी त्या टेबलावर असतो तर हेच टंकलं असतं.

माझा साळा तहसीलमध्ये महसूल सहायक आहे. तो म्हणाला, "मॅटमध्ये टाक ना केस, नागपूरलेच तर हाये." मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, त्याच्यासाठी आहे. १९८५ चा प्रशासकीय न्यायाधिकरणांचा कायदा कोर्टाच्या कर्मचाऱ्यांना लागू नाही, आम्हाला त्यातून वगळलं आहे. आमच्यासाठी अनुच्छेद २२६, म्हणजे सरळ हायकोर्टात रिट. ज्या साहेबांच्या आस्थापनेवर नोकरी करतो त्यांनाच प्रतिवादी करायचं. हायकोर्टाच्या प्रशासनालाही करायचं, आणि दाद मागायची हायकोर्टातच. साळ्यानं हे दोनदा समजावून घेतलं आणि म्हणाला, "मंग तं राहू दे."

खरी गोष्ट मी त्याला सांगितली नाही. ज्यांची जागा खाली जाणार त्यांनाही पक्षकार करावं लागतं. म्हणजे माझ्या मित्राला. हायकोर्टाची नोटीस पुष्कळदा जिल्ह्याच्या कोर्टामार्फत बजावली जाते. म्हणजे ती आमच्याच नाझराकडे, नोटिसा बजावणीला देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, येणार, आमचाच बेलीफ ती घेऊन दोन टेबलं ओलांडून जाणार आणि आमच्याच सहायक अधीक्षकाची सही घेणार. मी एकदा हे मित्रालाच बोलून दाखवलं. तो हसला. "टाक ना बे. बेलीफाले चहा पाजीन अन् सही करीन. म्या काही म्हणणार नाही." मग जरा थांबून, "पण वकील चांगला पाय. मी तं करीन चांगला."

बारमधल्या एका वकीलसाहेबांना कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या विचारलं. त्यांनी २०१० चा ओरिसातला एक निकाल सांगितला. ज्येष्ठतेला हरकत घ्यायची तर तीन-चार वर्षांच्या आत घ्या, एकदा बसलेली घडी पुन्हा विस्कटू नये, असं सुप्रीम कोर्ट म्हणतं. "तुम्हाला किती झाली?" मी वीस म्हणालो. त्यांनी घड्याळ पाहिलं, त्यांचा पुकारा झाला होता.

तर यंदाची यादी. मित्र माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. गट क चं वय ५८. तो गेला की मला त्या खुर्चीत दोन वर्षं मिळतात, बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणाच्या तक्त्यात, ती जागा आमच्या वाट्याला आली तर. हा हिशेब मला त्यानंच करून दाखवला, डायरीच्या मागच्या पानावर. मी यादीवर नजर फिरवली, माझ्या वर तो, माझ्या खाली त्याच निवडीतल्या एक मॅडम. सही केली.

बाराव्या दिवशी बारनिशीची मुलगी रजेवर होती म्हणून मी तिच्या टेबलावर बसलो होतो. त्या मॅडम आल्या. त्या २० ऑगस्टला रुजू झालेल्या, माझ्यानंतर चार दिवसांनी. निवडीचा नंबर सोळावा. इतकी वर्षं त्या माझ्या खाली आहेत, कारण यादी रुजू होण्याच्या तारखेनं लागली. त्यांनी अर्ज पुढे केला. विषय: ज्येष्ठता यादीवर आक्षेप. मी वाचत गेलो. त्यांचं म्हणणं सरळ होतं. त्यांनी १९९९ मध्ये मुदतवाढ मागितली होती आणि ती लेखी मिळाली होती. अनुक्रमांक अमुकवरील कर्मचारी मुदतवाढ नसताना ३० दिवसांनंतर रुजू झाले, सबब त्यांना आपल्या खाली दाखवावे. अनुक्रमांक अमुक म्हणजे मी.

सोबत जुन्या अर्जाची झेरॉक्स जोडली होती. तेच कोर्ट, तोच ऑगस्ट, बहुधा तेच टेबल. कोपऱ्यात गोल शिक्का, आवक क्रमांक, बाबूंची लफ्फेदार सही. त्यांचे वडील कोर्टात शिपाई होते. पोच घेतल्याशिवाय हलू नको, हे त्यांनी मुलीला सांगितलं असणार.

"भाऊ, तुमच्यावर राग नाही जी माझा," त्या म्हणाल्या. "माझीही दोनच वर्षं राहिली."

"दुसरी प्रत आणली का?" मी विचारलं.

आणली होती. मी रजिस्टर ओढलं, तारीख बदलून शिक्का मारला, नंबर घातला ४१२, दुसऱ्या प्रतीवर सही करून त्यांना दिली. मग अर्ज अग्रेषित करायच्या फाइलला लावला आणि सहीसाठी मित्राच्या टेबलावर नेऊन ठेवला. या वेळी मात्र त्यानं तो वाचला.