लोकसंख्या शून्य, तरी मेअर असलेलं गाव

आज व्हर्दनजवळचं फ्लरी बघून आलो, डोक्यातून जातच नाहीये. उत्तर-पूर्व फ्रान्समध्ये म्यूझ नदीच्या वरच्या टेकाडावर हे साधं शेतकऱ्यांचं गाव होतं, पहिल्या महायुद्धाआधी ४०० च्या वर वस्ती. इथून खाली उतरलं की थेट व्हर्दन शहर, म्हणून १९१६ च्या उन्हाळ्यात जर्मन आणि फ्रेंच सैन्यात हे १६ वेळा या हातातून त्या हातात गेलं आणि ऑगस्टमध्ये फ्रेंचांनी कायमचं परत घेतलं तेव्हा घर म्हणावं असं काही उरलंच नव्हतं.

जमिनीत इतके न फुटलेले तोफगोळे आणि इतके मृतदेह, की लोकांना परत राहायला येऊच दिलं नाही, नंतर तिथं जंगल लावलं. आता झाडांमधून पायवाटा आहेत आणि खुणेला छोटे खांब, इथे बेकरी होती, इथे कॅफे, इथे अमक्याचं शेतघर. आजूबाजूला नुसते खड्डे, एकात एक मिसळलेले, वर गवत. बेकरीच्या खांबापाशी मी बराच वेळ थांबलो, पहाटे काय वास सुटत असेल ना इथे!

पण फ्रान्सनं हे गाव कागदावरून पुसलं नाही याचं मला फार कौतुक वाटलं. मतदारच नाहीत, म्हणून प्रीफे, म्हणजे आपल्या कलेक्टरसारखा अधिकारी, मेअर नेमतो. व्हर्दनभोवती अशी एकही माणूस नसलेली सहा गावं आहेत.

दुओमाँचं अस्थिस्मारक बघायला बरेच जण जातात, तिथून फ्लरी अगदी जवळ आहे, तासभर काढाच. फक्त पायवाट सोडून जंगलात शिरू नका.