जुन्या कोर्टाची कुंडली काढताना

आमच्या गावातलं जुनं कोर्ट कधीचं, एवढाच प्रश्न होता. कोर्ट नव्या इमारतीत गेलं, जुनीला कुलूप लागलं आणि ती पाडणार अशी कुजबुज सुरू झाली, म्हणून कागद हवे होते. 1880 चं खानदेश गॅझेटियर घरबसल्या फुकट वाचता आलं, न्यायदानावर त्यात वेगळं प्रकरणच आहे. सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रकही विनातक्रार मिळालं. धारक: सरकार.

घोडं अडलं ते रेकॉर्ड रूमपाशी. तिथला बाबू संगणकात 'जळगाव जिल्हा' टाकायचा, गावाचं नाव टाकायचा आणि मान हलवायचा. "भाऊ, एवढं जुनं आपल्याकडे नसतंच."

असेल कसं? जळगाव जिल्हा हे नाव 1960 नंतरचं. 1906 मध्ये खानदेशाचे दोन तुकडे झाले तेव्हापासून आम्ही पूर्व खानदेश, त्याआधी धुळ्याहून चालणारा एकच खानदेश जिल्हा. इंग्रज अमदानीतला कागद 'जळगाव' नावाखाली शोधणं म्हणजे आजीच्या शाळेच्या दाखल्यावर सासरचं आडनाव शोधणं. हे तोंडी सांगितलं, लिहूनही दिलं. तर साहेब मीटिंगला. साहेब आले की बाबू रजेवर. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, नकलांसोबत नोंदवह्यांचं समक्ष अवलोकनही मागितलं. (हे मागता येतं. मूळ अर्जातच लिहा.) 30 दिवस पुरते वापरून उत्तर आलं, 'अभिलेख आढळून येत नाही'. अवलोकनाबद्दल चकार शब्द नाही! डोकं सणकलं. पहिलं अपील त्याच मुद्द्यावर ठोकलं.

सुनावणीला साहेबांनी शिपायाला मागच्या खोलीत धाडलं, आणि 'नसलेला' रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा, पंधरा मिनिटांत टेबलावर! लाल फडक्याची गाठ सुटता सुटेना. सुटली तशी धूळ उडून बाबूच शिंकत सुटला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आत दुरुस्तीची नोंदवही. सबजज्ज कोर्टाची कौलं बदलल्याचा खर्च, आणि त्याच्या बऱ्याच आधी एक ओळ: मामलेदार कचेरी, पूर्वेकडील खोल्या कोर्टाकडे. म्हणजे ज्याला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कोर्ट म्हणतोय ती मुळात कचेरी! वहीच्या मथळ्यावर 'जिल्हा खानदेश', तेव्हा वास्तू 1906 च्या आधीची हे नक्की. नेमकं साल त्यात नव्हतं, पण पाडू नका म्हणायला एवढं पुरेसं आहे.

समासातला मजकूर मोडी लिपीत होता. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जमवलेल्या जुन्या कागदांचं दप्तर धुळ्यात आहे, तेव्हा मोडी वाचणारं माणूसही तिथंच भेटेल असा अंदाज केला, तो खरा निघाला.

आणि हो, वहीचं नाव न् पान क्रमांक स्वतःच टिपून घ्या, तो रुमाल पुन्हा सापडेलच असं नाही. प्रत साक्षांकितच मागा. मोबाइलमधला फोटो हरकतीच्या अर्जाला जोडला तर त्याला कोणी भीक घालत नाही.