सी ते एल: नेब्रास्कातली आधी नकाशावर वसलेली गावं

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याची राजधानी लिंकन, तिथून सकाळी सातला निघालो तेव्हा मांडीवर १८७२ च्या एका जाहिरातीची प्रत होती. आयोवा आणि नेब्रास्कात लाखो एकर जमीन, दहा वर्षांची उधारी, सहा टक्के व्याज. विकणारी बर्लिंग्टन अँड मिसूरी रिव्हर रेलरोड ही रेल्वे कंपनी. ही जाहिरात आणि त्या काळचे रेल्वेचे नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट मिळतात. मोठ्या कागदावर छापून न्याच, फोनवर बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.

कंपनीने रुळांबरोबर गावंही मांडली, तीही इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने: क्रीट, डॉर्चेस्टर, एक्सेटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलँड, ज्युनियाटा, केनेसॉ, लोवेल. मध्येच फ्रेंड आणि सटन लागतात, ती या माळेतली नाहीत.

क्रीटला डोन विद्यापीठाचा परिसर बघून घ्या. थॉमस डोन हा या मार्गाचा मुख्य अभियंता. पुढे महामार्ग ६ धरला की धान्याच्या उंच कोठारावरून पुढचं गाव लांबूनच ओळखू येतं. बाबांची सगळी नोकरी भुसावळला रेल्वेत झाली. फेअरमाँट यायच्या आतच ते म्हणाले, "अगं, गावांमधली अंतरं जवळजवळ सारखीच आहेत की!" धान्याची घोडागाडी घेऊन निघालेला शेतकरी दिवस मावळायच्या आत घरी परतला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब.

१८२३ च्या, स्टीफन लाँग या लष्करी संशोधकाच्या नकाशावर याच मैदानांवर 'ग्रेट अमेरिकन डेझर्ट' असं छापलेलं होतं. पन्नास वर्षांनी रेल्वेच्या जाहिरातींत त्याची सुपीक जमीन झाली. प्लॅट नदीच्या दक्षिणेचा हा मुलूख पॉनी या मूळ रहिवासी जमातीचा, १८३३ च्या तहात त्यांच्याकडून घेतलेला. हे माहीत असलं की त्या नकाशांवरची मोकळी जागा मोकळी वाटत नाही. १८७४ साली टोळधाडीने उभी पिकं खाल्ली, तेही जमीन विकणाऱ्यांच्या कागदात कुठून असणार?

सगळ्यात जास्त वेळ ज्युनियाटाला द्या. ॲडम्स काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पहिलं मुख्य ठाणं हेच. पण १८७२ मध्ये दुसऱ्या कंपनीचा मार्ग थोड्या पूर्वेला बर्लिंग्टनला छेदून गेला, त्या फाट्यावर हेस्टिंग्ज उभं राहिलं आणि १८७८ मध्ये ठाणंही तिकडे गेलं. आज हेस्टिंग्जची वस्ती सुमारे २५ हजार, ज्युनियाटाची हजाराच्या आत. मला फार वाईट वाटलं. इथे येऊन घर बांधणाऱ्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

मुक्काम हेस्टिंग्जलाच करा. मालगाड्यांना ठरलेली वेळ नसते, तेव्हा फोटोसाठी रुळांवर उतरू नका. केनेसॉनंतर आतले रस्ते खडीचे आहेत. पाऊस पडून गेला असेल तर लोवेल दुसऱ्या दिवसावर ढकला. एकेकाळी तिथे काउंटीचं ठाणं होतं, सरकारी जमीन कचेरी होती. आता मोजकी घरं आणि शेतं. पाणी, डबा आणि पेट्रोल हेस्टिंग्जलाच घेऊन ठेवा.