पावतीवरचा बाण

दूध संकलन केंद्रावरची पावती ५८ मिलिमीटर रुंद. त्यातले ४८ मिलिमीटरच छापता येतात. थर्मल प्रिंटर मिलिमीटरला ८ ठिपके टाकतो, म्हणजे आडवे ३८४ ठिपके, एवढीच जागा. वेदगंगेच्या काठच्या, कर्नाटकातल्या निपाणी भागातल्या एका दूध संस्थेसाठी या जागेत नवी पावती बसवायचं काम आमच्याकडे होतं. मांडणी ठरली होती, छपाई जमली होती. राहिली होती दूध घालणाऱ्यांपुढची चाचणी. ती ऑफिसात बसून होत नाही, म्हणून सकाळच्या पाळीला थेट खिडकीपाशीच घेतली.

आधी जुनी पावती कशी होती ते सांगतो. सॉफ्टवेअरबरोबर आली तशीच ती चालू होती. प्रिंटरच्या पोटातलाच इंग्रजी टाइप, ओळीला ३२ अक्षरं, सगळ्या ओळी एका मापाच्या. संस्थेचं नाव, तारीख, वेळ, पाळी, कोड, सभासदाचं नाव (तेही सोळाव्या अक्षराला तोडलेलं), जनावर, लिटर, फॅट, डिग्री (लॅक्टोमीटरचं माप), एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), दर, रक्कम. मथळा डाव्या कडेला आणि आकडा उजव्या कडेला. मधली दोन-तीन सेंटिमीटरची कोरी जागा ओलांडताना नजर सहज एक ओळ खाली घसरते. म्हशीच्या दुधात ही घसरण चांगलीच नडते, कारण साडेसहा लिटर दूध आणि साडेसहा फॅट असे जुळे आकडे रोजचेच. शिवाय कागद वाचवायला शेवटच्या कोऱ्या ओळी कुणीतरी काढून टाकल्या होत्या. छापणारा हेड आणि कागद फाडायची पाती यांत काही मिलिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे शेवटी तीन-चार कोऱ्या ओळी सोडाव्याच लागतात. त्या नसल्या की शेवटची ओळ पातीखाली अडकते. इथं शेवटची ओळ म्हणजे रक्कम.

सेक्रेटरींचं म्हणणं पहिल्यापासून एकच, “पैसं मोठं छापा, बाकी कोण बघतंय?” ऐकायला बरोबर वाटतं. पण खिडकीपाशी थोडा वेळ उभं राहिलं की दिसतं, पावती हातात पडल्यावर रक्कम कुणीच बघत नाही. रक्कम बघायची ती दहा दिवसांच्या बिलात. खिडकीवर माणूस टेस्टरला विचारतो, “फॅट किती लागली रं?” आकडा ऐकला की लगेच पुढचा प्रश्न, “आन् काल किती हुती?” दर फॅटवर ठरतो, पॉइंटाला (०.१ ला) पैसे हलतात, म्हणून सगळा जीव त्या एका आकड्यात. कालचा आकडा पावतीवर नव्हताच. टेस्टर संगणकात मागे जाऊन शोधायचा आणि तोवर रांग कॅन घेऊन उभी.

म्हणून नव्या पावतीत फॅट सगळ्यांत मोठी, ४८ ठिपके म्हणजे ६ मिलिमीटर उंच. तिच्या अगदी खाली लहान टाइपात कालचा आकडा. लिटर शेजारच्या चौकटीत, मध्ये उभी जाड रेघ, म्हणजे दोन आकडे एकमेकांत मिसळत नाहीत. मथळा आकड्याच्या डोक्यावर चिकटून, मध्ये ४ ठिपक्यांपेक्षा जास्त फट नाही. एसएनएफ, दर आणि रक्कम खाली एका उभ्या रांगेत, दशांश चिन्हं एकाखाली एक. सकाळी सहाला केंद्रावर एकच ट्यूबलाइट, हात ओले आणि चष्मा घरी. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला त्या उजेडात ३ मिलिमीटरचा आकडा हात लांब करूनच वाचावा लागतो.

“कालचा” म्हणजे नेमका कुठला, हे ठरवणं सोपं नव्हतं. सॉफ्टवेअरला सांगितलं ‘मागची नोंद दाखव’ तर ते सकाळच्या पावतीवर काल संध्याकाळची फॅट आणतं. पण संध्याकाळच्या दुधाला फॅट बहुतेक वेळा जास्तच लागते. सकाळी धार काढून संध्याकाळी काढेपर्यंत वेळ कमी जातो, दूध कमी आणि दाट येतं. रात्रीचं अंतर मोठं, म्हणून सकाळी दूध जास्त आणि फॅट कमी. दोन्ही शेजारी छापले तर रोज सकाळी सगळ्या गावाची फॅट घटलेली दिसेल. म्हणून सकाळशी सकाळ, संध्याकाळशी संध्याकाळ, आणि मथळ्यातही स्पष्ट ‘काल सकाळी’.

छपाईचं थोडं सांगायला हवं, कारण बरेच जण तिथंच हात टेकतात. या स्वस्त प्रिंटरला देवनागरी जुळवता येत नाही, त्यामुळे मराठी मजकूर चित्र म्हणून पाठवावा लागतो. चित्र करताना कडा मऊ करणारी सोय बंद ठेवायची. ती चालू राहिली की करड्या कडांचे विस्कटलेले ठिपके होतात आणि शिरोरेघ तुटक येते. शिरोरेघ किमान ३ ठिपक्यांची लागते, १ ठिपक्याची रेघ हेडवर धूळ बसली की गायब होते. आम्ही ‘मुक्त’ (Mukta) नावाचा टाइप वापरला, तोही नेहमीपेक्षा एक वजन जाड. मुंबईच्या ‘एक टाइप’ या टाइप बनवणाऱ्या संस्थेचा हा फॉन्ट फुकट वापरता येतो आणि लहान मापात त्यातल्या अक्षरांची पोटं बुजत नाहीत.

दुसरी अडचण वेगाची. ३८४ ठिपक्यांची एक ओळ म्हणजे ४८ बाइट. ५ सेंटिमीटर उंचीची पावती म्हणजे अशा ४०० ओळी, एकूण १९,२०० बाइट. प्रिंटरची तार कारखान्यातून ९६०० वेगावर लावलेली होती, ती सेकंदाला ९६० बाइट नेते. एका पावतीला २० सेकंद! रांगेतल्या माणसाला तेवढ्यात दोन वेळा शिव्या देऊन होतात. वेग १,१५,२०० केला तेव्हा तीच पावती दोन सेकंदांच्या आत यायला लागली.

आकडे मात्र इंग्रजीच ठेवले. वजनकाट्यावर इंग्रजी, फॅट मशीनवर इंग्रजी, मोबाइलवरही इंग्रजी. मशीनवरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा नजरेनं जुळवता आला पाहिजे. तो जुळला की अर्धी शंका तिथंच मिटते.

आता चाचणी. नवी पावती दाखवून “कशी वाटली?” असं विचारण्यात काही हशील नाही. पाहुण्याला इकडं कुणी वाईट म्हणत नाही, सगळे “झकास झालीया की!” म्हणून मोकळे होतात. म्हणून विचारायचं ते काम. “आज फॅट किती? कालच्यापेक्षा काय झालं?” आणि नजर कुठं जाते, बोट कुठं टेकतं ते बघायचं. दोन नमुने ठेवले होते. विषम कोडच्या सभासदांना पहिला, त्यात आज ६.८ आणि खाली ‘काल सकाळी ६.९’. सम कोडला दुसरा, त्यात हेच आकडे, फक्त फॅटच्या शेजारी वर किंवा खाली तोंड केलेला काळा बाण. आवडीनिवडीच्या हिशेबात बाणच जिंकणार हे उघड होतं, आणि वेगात तो जिंकलाच. बाणवाली माणसं क्षणात उत्तर देत होती. आकड्याकडे न बघता.

सगळ्या सकाळचा सूर तिथं बदलला. अर्ध्या तासात खिडकीवर आवाज चढले, आणि चढवणारे झाडून सम कोडवाले. एका मामांची फॅट ६.९ वरून ६.८ झाली होती, बाण खाली. “काय ओ, मशीन बसलं व्हय? का आज घटवायचीच ठरलीया?” त्यांच्या पुढच्याच वहिनींची फॅटही एकाच पॉइंटानं उतरली होती, पण त्यांचा कोड विषम. त्यांनी दोन्ही आकडे वाचले, पावती घडी करून कनवटीला लावली आणि गेल्या.

टेस्टर पोरगं शहाणं. वाद घालण्याऐवजी त्यानं मामांच्याच बाटलीतलं दूध हलवून पुन्हा मशीनला लावलं. ६.९. मामा खूश, पण आमच्या दृष्टीनं गोष्ट वेगळीच उघडी पडली. तेच दूध, तेच मशीन आणि बाण नाहीसा. अशा अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी फॅट मोजणाऱ्या) मशीनची अचूकता फॅटला साधारण ०.१ इकडेतिकडे असते. ताज्या दुधात हवेचे बुडबुडे असले किंवा नमुना नीट हलवलेला नसला तर त्याहून जास्त फरक पडतो. आज ०.१ खाली आणि काल ०.१ वर अशी चूक एकत्र आली तर काहीही न बदलता ०.२ चा फरक दिसू शकतो. बाणाला हे माहीत नसतं. ०.१ ला आणि ०.८ ला तो तेवढ्याच ठसठशीतपणे खाली बोट दाखवतो.

बाण काढूनच टाकू असं सेक्रेटरींचं मत पडलं. मला ते पटलं नाही. वासरू शेवटी सोडलं आणि शेवटची दाट धार त्यानंच पिली, किंवा हिरवं वाढून कोरडी वैरण कमी झाली, की फॅट खरोखर उतरते, आणि ते त्याच दिवशी कळलेलं बरं. म्हणून नियम ठरला: फरक ०.३ किंवा जास्त असेल तरच बाण, नाहीतर नुसते दोन आकडे. तुलनाही एका दिवसाशी नको, त्याच पाळीच्या मागच्या पाच नोंदींच्या सरासरीशी. ‘काल सकाळी’ ही ओळ मात्र तशीच राहिली, कारण माणूस विचारतो तो कालचाच आकडा. बाणाखाली ‘कॅन ढवळून आणा’ अशी सूचना छापायची कल्पनाही निघाली होती, ती टाळली. यंत्रानं दिलेला सल्ला खिडकीवर आरोपासारखा लागतो. तो मजकूर भिंतीवरच्या फळ्यावर गेला.

सॉफ्टवेअरवाल्यानं तो नियम तिथंच बसवला आणि उरलेली पाळी त्यावरच काढली. बाण तुरळक निघाले. निघाले तिथं लोकांनी टेस्टरशी भांडण्याऐवजी घरी फोन लावले.

कन्नड पावतीचा प्रश्न सोपा निघाला. चिकोडी बाजूचे काही सभासद कन्नड वाचतात. दोन्ही भाषा एकाच पावतीवर कोंबल्या तर मथळे दुप्पट आणि आकडे निम्मे होतात. त्यापेक्षा कोडलाच भाषा जोडली, ज्याची त्याला. मांडणी तीच, फक्त कन्नडची जोडाक्षरं ओळीच्या खाली उतरतात म्हणून ओळीची उंची ३६ ऐवजी ४० ठिपके. संस्थेचं नाव तेवढं दोन्ही लिप्यांत.

शेवटी एसएमएसची मागणी आली, कारण थर्मल पावती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली की बिल येईपर्यंत फिकी पडते. देवनागरी एसएमएसमध्ये एका संदेशाला ७० अक्षरंच मिळतात (नुसत्या इंग्रजीत १६०), आणि काना, मात्रा, वेलांटी सुटी मोजली जाते. ‘सकाळ ६.५ लि, फॅट ६.८, एसएनएफ ९.०, रु. ३३८’ यालाच ४१ लागतात. कालचा आकडा आणि संस्थेचं नाव घातलं की दुसऱ्या संदेशाचे पैसे सुरू. दिवसाला दोन पाळ्यांचा तो खर्च संस्थेला झेपणारा नाही. म्हणून एसएमएस दहा दिवसांच्या बिलापुरताच ठेवला, आणि फिक्या पावत्यांवर उपाय म्हणून पिशवीऐवजी कागदी पाकिटं वाटायचं ठरलं.