समरकंद ते दुशान्बे: मैत्रीची सीमा पायी ओलांडताना

उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तान यांचे संबंध सुधारले आहेत, हे खरे आहे. मात्र त्या बातम्यांवर विसंबून उझबेकिस्तानातल्या समरकंदहून ताजिकिस्तानातल्या पंजकेंतला जाणे म्हणजे शेजारच्या तालुक्याला जाऊन येण्यासारखे आहे असे जो समजेल, तो माझ्यासारखाच फसेल. अंतर जेमतेम ६० किलोमीटर आहे आणि मला त्यासाठी सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंतचा वेळ लागला.

वाटेतली जारतेपाची सीमाचौकी उझबेकिस्तानने २०१० मध्ये बंद केली होती. ताजिकिस्तानातील वख्श नदीवरील रोगुन धरणाची नियोजित उंची ३३५ मीटर असून, त्यामुळे आपल्या कापसाचे पाणी अडेल ही ताश्कंदची धास्ती त्या काळातील वितुष्टाच्या मुळाशी होती. २०१६ मध्ये उझबेकिस्तानचे अध्यक्ष करीमोव्ह यांच्या निधनानंतर सत्तेवर आलेल्या मिर्झियोयेव्ह यांनी धोरण बदलले. मार्च २०१८ मध्ये चौकी उघडली, त्याच महिन्यात ते स्वतः ताजिकिस्तानच्या राजधानीला, दुशान्बेला गेले आणि एकमेकांच्या नागरिकांना ३० दिवसांपर्यंत व्हिसाची अट राहिली नाही.

ही सवलत त्यांच्यासाठी आहे, आपल्यासाठी नाही. भारतीय पारपत्रधारकाने दोन्ही देशांचे ई-व्हिसा आधीच काढून त्यांच्या छापील प्रती जवळ ठेवाव्यात, आणि उझबेकिस्तानात परतायचे असेल तर तिथला व्हिसा दोन प्रवेशांचाच घ्यावा.

समरकंदच्या चालकाने ‘थेट पंजकेंत’ असे सांगून पैसे घेतले आणि चौकीच्या फाटकाशी उतरवून तो निघून गेला. गाडी पलीकडे जाणार नव्हती, हे त्याला पक्के ठाऊक होते. पुढचा पट्टा सामानासह पायीच पार करावा लागतो. जुलैच्या उन्हात, सावली नसलेल्या त्या वाटेवर, पोती आणि गाठोडी घेऊन ये-जा करणाऱ्या बायकांच्या रेट्यात मी उभा होतो. दोन देशांतला व्यापार वाढतो म्हणजे काय होते, हे कोणत्याही आकडेवारीपेक्षा तिथे बरगड्यांना लागलेल्या कोपरांनी मला अधिक स्पष्ट समजले. या बायकांची कागदपत्रे झटपट तपासली जात होती, तर माझे पारपत्र प्रत्येक खिडकीत उलटसुलट करून पाहिले जात होते. चाकांची बॅग मुळीच नेऊ नका. पाठीवर मावेल तेवढेच सामान घ्या आणि चौकी उघडण्याच्या वेळेलाच तिथे पोहोचा.

ताजिक बाजूला टॅक्सीवाल्यांनी घेरले. पहिल्याने जो भाव सांगितला, त्याच्या चौथ्या हिश्शात मी अखेरीस पंजकेंतला पोहोचलो, आणि तोही स्थानिकांच्या दुप्पट होता, हे गाडीतल्या सहप्रवाशाने नंतर हसत सांगितले. पूर्ण गाडी नव्हे, एक जागा हवी आहे, हे आधी ठणकावून सांगावे. उझबेक सोम समरकंदमध्येच संपवावेत आणि फाटकाजवळ अगदी थोडेच ताजिक सोमोनी बदलून घ्यावेत.

पंजकेंतजवळच्या हफ्त कुल, म्हणजे सात तळ्यांच्या परिसरात दोन दिवस उत्तम गेले. आपल्या ‘हप्ता’ या शब्दातला सात तो हाच.

पंजकेंत–दुशान्बे रस्त्यावरील पाच किलोमीटरच्या इस्तिकलोल बोगद्याबद्दल मला इतके घाबरवण्यात आले होते की मी नाकाला बांधायला ओला रुमाल तयार ठेवला होता. इराणच्या मदतीने बांधलेला हा बोगदा २००६ मध्ये सुरू झाला, आणि पाणी, खड्डे व धुरामुळे बरीच वर्षे बदनाम राहिला. पूर्वी हिवाळ्यात अंझोब खिंड बर्फाने बंद झाली की दुशान्बेहून स्वतःच्याच देशाच्या उत्तर भागात जाण्यासाठी ताजिकांना उझबेकिस्तानातून जावे लागे; ही परवशता संपवण्यासाठी तो खोदला गेला. आता डागडुजी झाली आहे. धूर जाणवतो, पण काचा बंद ठेवल्या की काही मिनिटांत माणूस बाहेर पडतो. भीतीच बाळगायची असेल तर ती जारतेपाच्या फाटकाची बाळगावी.

परतताना मी दुशान्बे–ताश्कंद विमान पकडले. १९९२ पासून बंद असलेली ही सेवा २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे. तिकीट महाग वाटले, तरीही पुन्हा वेळ आली तर मी तेच काढीन.