दुखतं ते उतरल्यामुळे

मागच्या महिन्यात बऱ्याच वर्षांनी सिंहगड केला. वर मटक्यातलं दही, पिठलं-भाकरी, वरून कांदाभजी, सगळं हादडलं आणि आतकरवाडीच्या वाटेने धाडधाड खाली. रविवारी काहीच नाही, सोमवारी जरा कुरकुर, आणि मंगळवारी ऑफिसचा जिना रेलिंग धरून खेकड्यासारखा आडवा आडवा उतरत होतो. मागून येणारा विचारतो, काय रे, पडलास का कुठे?

आमच्या ग्रुपमधल्या जिमवाल्याचं निदान तयारच असतं, लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय, मसाज घे. अरे पण लॅक्टेट (त्या अ‍ॅसिडचंच शरीरातलं रूप) तास-दीड तासात रक्तातून निघून जातं, ते मंगळवारपर्यंत माझ्या मांडीत कशाला मुक्काम ठोकेल? खरा घोळ उताराचा आहे. उतरताना मांडीचा स्नायू एकीकडे ताणला जात असतो आणि त्याच वेळी ब्रेकही लावत असतो, त्यात बारीक बारीक इजा होते आणि दुखणं एक ते तीन दिवसांनी जोरात येतं. चढताना फक्त दम लागतो हो.

मग रात्री वाचत बसलो (झोपायचं सोडून, हे पुढे येईलच). अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात इंजिनिअर, डॉक्टर, बायॉलॉजीवाले असे सगळे मिळून माणसाचं शरीर हालचाल कशी करतं आणि आणखी चांगली कशी करेल यावर काम करतात, २०२१ साली तिथे आणि आणखी काही संस्थांत मिळून २२ कोटी डॉलरचं कामच सुरू झालंय. त्यांचं ओपनकॅप मला फार आवडलं, दोन आयफोन स्टँडवर लावायचे, माणसाला चालायला किंवा उठाबशा काढायला लावायचं, आणि गुडघा किती वाकला, कुठल्या स्नायूवर किती जोर आला ते व्हिडिओवरून काढतात. आधी यासाठी अंगभर मार्कर (कॅमेऱ्याला दिसणाऱ्या खुणा) चिकटवून लॅबमध्ये उभं राहावं लागायचं.

आणि झोप! तिथल्याच २०११ च्या अभ्यासात बास्केटबॉलच्या ११ पोरांना पाच-सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं, तर फ्री थ्रो ९ टक्के सुधारले, पळण्याचा वेगही वाढला. फक्त ११ जण, तुलनेला दुसरा गट नाही, त्यामुळे मी लगेच नाचत नाही. पण ट्रेकच्या आदल्या रात्री आपण दीडपर्यंत रील बघतो आणि साडेचारला उठतो, त्याचं काय?

दोन आठवड्यांनी परत गेलो, दहालाच झोपून. उतार तोच, पण स्नायू एकदा मार खाऊन सावरला की पुढच्या वेळी कमी दुखतो, तसंच झालं, मंगळवारी जिना सरळ उतरलो. जिमवाला म्हणतो, बघ, मसाजचा फरक पडला ना. मसाज घेतलाच नव्हता.